व्हर्न टॅकेटचा अंगठा

ब्रॉडवे आणि चौथ्या रस्त्याच्या चौकातला लाल दिवा बेचाळीस सेकंदांचा होता, आणि ही गोष्ट अख्ख्या लुईव्हिल शहरात व्हर्न टॅकेटइतकी पक्की कुणालाच ठाऊक नसेल. दिवे बसवणाऱ्यांनाही नसेल. सत्तावीस वर्षं तो याच रस्त्याने फुटबॉल संघाच्या कचेरीत जात होता आणि सत्तावीस वर्षं उजव्या हातात स्टॉपवॉच घेऊन हा दिवा मोजत होता. दिवा लाल झाला की अंगठा दाबायचा, हिरवा झाला की दाबायचा. कुणाला सुपारीची सवय असते, कुणाला तपकिरीची, तशी त्याला ही. लिफ्ट मोजायची, टोस्टरमधून पाव वर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांचं प्रवचन मोजायचं. त्यावरून डोरीन, त्याची बायको, त्याला कोपराने ढोसायची. पण या सगळ्यांत दिवा भरवशाचा. बेचाळीस म्हणजे बेचाळीस, फार तर एखादा शतांश इकडेतिकडे. आज एप्रिलमधल्या मंगळवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, घड्याळात एक्केचाळीस शहाऐंशी आले.

छे, दिवा बदलला असेल, असं त्याला आधी वाटलं. शहरात हल्ली काय वाटेल ते बदलतात. त्याने गाडी वळवली, चौकाला वळसा घालून पुन्हा त्याच रांगेत आला. एक्केचाळीस सत्त्याऐंशी. पुन्हा वळसा. एक्केचाळीस पंच्याऐंशी. मागच्या बसवाल्याने भोंगा वाजवला आणि खिडकीतून हात काढून, आजोबा, रस्ता विकत घेतलाय का, असं काहीसं ओरडला. चौथ्या फेरीला व्हर्नने घड्याळ डाव्या हातात घेतलं. डाव्या हाताला कसली सवय नाही, कसलं कौतुक नाही. आयुष्यभर त्या हाताने फक्त कॉफीचा पेला धरलेला. त्या अडाणी हाताने बेचाळीस शून्य एक दाखवलं. म्हणजे दिवा होता तसाच होता. दिवा हिरवा होऊनही गाडी हलवायचं व्हर्नला सुचलंच नाही.

सकाळी शर्टाच्या बाहीचं बटण लागेना तेव्हा डोरीनने पुढे होऊन ते लावलं होतं. काही बोलली नव्हती. गेल्या दोन-तीन महिन्यांत ती बरंच काही न बोलता करायला लागली होती. त्याच्या पेल्यात कॉफी थोडी कमी ओतायची, चाव्या दाराच्या कुलुपाला आधीच लावून ठेवायची. एकदा फक्त म्हणाली होती, "व्हर्न, डॉक्टरला दाखवून घे ना एकदा." त्यावर तो म्हणाला होता, "निवडीचा दिवस होऊ दे, मग बघू." आणि ती म्हणाली होती, "तुझी ती निवड! मी मरायला टेकले तरी म्हणशील, निवडीचा दिवस होऊ दे." दोघंही हसले होते. हसून झाल्यावर तिने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं होतं आणि त्याने तो खिशात घातला होता.

आता हे एवढं मनाला लावून घेण्यासारखं होतं का? दुसऱ्या कुणाला नसतं. दीड दशांश सेकंद म्हणजे काय, डोळ्याची पापणीसुद्धा त्यात धड मिटत नाही. पण व्हर्न टॅकेट स्काउट होता. दर वसंतात देशभरातले व्यावसायिक संघ पाळीपाळीने कॉलेजातली, हाताने झेलायचा अमेरिकन फुटबॉल खेळणारी पोरं निवडतात, तीन दिवस हे चालतं, जितकं नाव आधी तितका पैसा जास्त, आणि ती पोरं आधी गावोगाव जाऊन पारखून यायची, हा त्याचा धंदा. पारख म्हणजे शेवटी काय, पोराला चाळीस यार्ड पळवायचं आणि घड्याळ दाबायचं. पोरगं रेषेवर दगडासारखं थांबलेलं असतं, ते कधी हलेल याचा नेम नसतो. ते हललं की अंगठ्याने उठायचं. शेवटाचं तसं नाही. शेवटी पोरगं समोरून धावत येतंच आहे, दिसतंच आहे, तिथे अंगठा आधीपासून तयार बसलेला असतो. म्हणून अंगठा मंद झाला की फरक पडतो तो सुरुवातीला. घड्याळ उशिरा सुरू होतं आणि वेळ कमी भरते. अंगठा आळशी तर पोरगं चपळ. आणि व्हर्नने मार्च महिन्यात, केसविलच्या कॉलेजच्या मैदानावर, लॅव्हॉन मॅबरी नावाच्या पोराला याच अंगठ्याने चार छत्तीस दिले होते.

चार सेकंद छत्तीस शतांश. त्या आकड्याने काय काय केलं! तोवर लॅव्हॉन मॅबरी म्हणजे डोंगरातल्या एका छोट्या कॉलेजचा रिसीव्हर, मैदानाच्या कडेने धावत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलणारा. झेलायचा मात्र असा की बघत राहावं. तिघं अंगावर पडत असताना बोटांच्या टोकांवर चेंडू उतरवून घ्यायचा, झोपलेलं मूल पाळण्यातून उचलावं तसा. पण असे हात असलेली पोरं असतात चार-दोन. चार छत्तीस आल्यावर त्याच संध्याकाळी टेलिव्हिजनवरची मंडळी त्याचं नाव घेऊन नाचायला लागली. पहिल्या दिवशी, पहिल्या दहात जाणार, कुणी म्हणे पहिल्या पाचात. मुलाला आणि त्याच्या आईला नुसतं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. आणि ते झाड लावलं कुणी, तर व्हर्न टॅकेटच्या अंगठ्याने.

त्या दिवशी केसविलला वारं सुटलं होतं. वेळ मोजायचं विजेचं यंत्र बिघडलं, त्याची तार कुठेशी तुटली, आणि कॉलेजचा माणूस कपाळावर हात मारून म्हणाला, आता तुमच्या हातातल्या घड्याळांवरच काय ते. शेवटच्या रेषेशी वेगवेगळ्या संघांचे सतरा स्काउट टोप्या घट्ट धरून उभे होते. पोरगं धावलं, सतरा अंगठे पडले. आणि मग जे व्हायचं तेच झालं. कुणीही आपलं घड्याळ आधी उघडं करत नाही. तबकडीवर हात धरून सगळे व्हर्नकडे बघतात. पंधरा-वीस वर्षांचा हा रिवाज, कुणी ठरवलेला नाही, पण मोडायची छाती कुणाला नाही. "व्हर्न, किती?" "चार छत्तीस." "माझेही चार सदतीस." "माझे छत्तीसच." पलीकडे टेनेसीकडचा एक जाडा स्काउट होता, त्याच्या घड्याळावर व्हर्नची तिरपी नजर गेली, तिथे चार एकोणपन्नास होते. त्या माणसाने घड्याळ कानाशी हलवलं, पुसलं, आणि म्हणाला, "च्यायला, आज माझा अंगठा लवकर पडला बहुतेक." मग वहीत चार अडतीस लिहिले. व्हर्नला तेव्हा हसू आलं होतं. जरासा अभिमानही वाटला होता, खोटं कशाला बोला. आणि मग पोरगं धापा टाकत त्याच्याजवळ आलं होतं आणि काहीतरी बोललं होतं, ते काही व्हर्नला आठवायचं नव्हतं.

कचेरीच्या आवारात गाडी लावून तो तसाच बसून राहिला. हात मांडीवर होता. बोटं शांत होती, पण अंगठा आतल्या आत, कुणी हळूच बोलावत असल्यासारखा हलत होता. बापाचा हात असाच हलायचा. बाप लुईव्हिलच्या पिंपांच्या कारखान्यात होता, व्हिस्की मुरवायची ओकची पिंपं बांधायचा. फळी हातात घेतली की बोटाने सांगायचा, ही गळणार, ही नाही. मोजपट्टी लागत नसे. कारखान्यातले लोक पोराला सांगायचे, तुझ्या बापाच्या बोटांत डोळे आहेत रे. मग एका हिवाळ्यात त्याची पिंपं गळायला लागली. एक, मग दोन, मग आठवड्याला चार. मुकादम भला माणूस, त्याने ती गुपचूप दुसऱ्यांच्या नावावर टाकली. बापाला माहीत होतं. सगळ्या कारखान्याला माहीत होतं. सहा महिने कुणी कुणाला काही बोललं नाही, आणि त्या सहा महिन्यांत बाप घरी येऊन जेवायच्या टेबलाशी जो बसायचा, चमच्यातलं सूप सांडू नये म्हणून तोंडच ताटलीजवळ नेऊन, तसा माणूस व्हर्नने पुन्हा पाहिला नाही. त्याला बापाची कीव यायची नाही तेव्हा, राग यायचा. बोल ना एकदा, असं वाटायचं. आज त्याला वाटलं, बोलणं एवढं सोपं असतं तर बाप बोलला नसता का?

वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत एक भिंत भरून फळा होता आणि त्यावर पोरांच्या नावांच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. सगळ्यात वरच्या ओळीत पहिल्या दिवशी उचलायची नावं. तिथे तिसरी पट्टी मॅबरीची होती. टेबलाच्या टोकाला वॉल्ट हेनेके बसला होता. संघाचा कारभार त्याच्या हातात, शेवटचा शब्द त्याचा. एका बाजूला रिसीव्हरांना शिकवणारा डेलरॉय प्रुइट, स्वतः दहा वर्षं खेळलेला, गुडघे गेलेला. दुसऱ्या बाजूला मार्सी ओल्सन, तिशीतली, आकडेमोडीला ठेवलेली. दोघांचं व्हर्न यायच्या आधीच जुंपलेलं होतं.

"सगळे झेल पाहिलेत मी, सगळे," मार्सी म्हणत होती. "एकदाही तो कुणाला मागे टाकून सुटलेला नाही. दर वेळी बचाववाला हातभर अंतरावर आहेच. चार छत्तीसवाला मुलगा असा दिसत नाही."

"अगं बाई, हातभर अंतरावर माणूस असताना तो झेलतोय, हेच तर मी कोकलून सांगतोय!" प्रुइट म्हणाला. "तू कधी अंगावर पॅड चढवलेत का?"

"नाही. तुम्ही कधी भागाकार केलाय का?"

खोली हसली. प्रुइटही हसला. "कर बाई भागाकार. पण चार छत्तीसला कशाने भागणार? ते व्हर्नने घेतलेत."

"म्हणून तर मी गप्प आहे," मार्सी म्हणाली. "टॅकेट सरांचा आकडा नसता तर मी ही पट्टी तिसऱ्या ओळीत नेऊन लावली असती."

वॉल्टने खुर्ची वळवली. "या, महाराज. बावीस मिनिटं उशीर. तुला कधी उशीर झालेला आठवत नाही मला. बस. हा पोरगा एवढ्या गाजावाजाला लायक आहे की नाही, यावर इथे सकाळपासून रक्त सांडतंय. माझं म्हणणं, कशाला डोकं फोडता, व्हर्न येईल, सांगेल. चार छत्तीस पक्के ना?"

असा सोपा प्रश्न. हो म्हटलं की झालं. हो म्हटलं तर पोरगं वरच्या ओळीत राहील, त्याच्या आईला केसविलच्या शाळेच्या स्वयंपाकघरातली मोठाली भांडी पुन्हा घासावी लागणार नाहीत, व्हर्नला आपली टेबलाशेजारची खुर्ची आणखी दोन-तीन वर्षं मिळेल, आणि निवडीचा दिवस होऊन जाईल. त्या आईने, अर्नेस्टीन मॅबरीने, त्याला तिच्या घरी जेवू घातलं होतं. तळलेला मासा, मक्याचा पाव, आणि वर आग्रह, अजून घ्या, तुम्ही प्रवासातली माणसं. तिच्या घरात एकच चांगली खुर्ची होती, ती त्याला दिली होती. हो म्हणायला काय जातं? पण मग त्याला ग्रेडी सोल्स आठवला. बारा वर्षांपूर्वीचं पोरगं, गुणी, असाच कुणीतरी मैदानाबाहेर फुगवलेला. पहिल्या दिवशी गेला. दोन हंगाम साठ हजार लोक त्याच्या नावाने शंख करत होते, कारण तो त्यांना सांगितला होता तेवढा वेगवान नव्हता. वाईट खेळला का? नाही. जेवढा होता तेवढाच खेळला. तिसऱ्या वर्षी घरी बसला, आणि एकदा व्हर्नला टायरच्या दुकानात भेटला तेव्हा म्हणाला, "सर, मी कुणाला म्हटलं होतं का हो, मी वेगवान आहे म्हणून?" पोरगं बिचारं उत्तराची वाट बघत टायर पुसत राहिलं.

"व्हर्न?" वॉल्ट म्हणाला.

"पक्के नाहीत," व्हर्न म्हणाला.

त्याने खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, आणि उजवा हात त्याच्या शेजारी ठेवला. लपवला नाही. सगळ्यांनी बघावं एवढा वेळ तो तिथे हलत राहिला. "चौथ्या रस्त्याचा दिवा बेचाळीसचा आहे. आज मला चौदा शतांश कमी मिळाले. डाव्या हाताने बरोबर मिळाले. कधीपासून चाललंय सांगता येत नाही. मार्चमध्ये होतं, हे नक्की. त्या पोराचे चार पन्नास धरा. बाकी सोळा जणांचे आकडे माझ्याकडे बघून लिहिलेले आहेत, ते धरू नका."

"अरे देवा," प्रुइट पुटपुटला.

"हे बाहेर कुणाला माहीत आहे?" वॉल्टने विचारलं.

"कुणाला नाही. पण माझं अजून संपलेलं नाही, वॉल्ट." व्हर्न उभा राहिला. सत्तावीस वर्षांत तो या खोलीत आवाज चढवून बोलला नव्हता आणि आता त्याचा आवाज चढला, चिरकलाही. "धावून झाल्यावर ते पोरगं माझ्याजवळ आलं होतं. मला म्हणालं, सर, काहीतरी चुकलंय, मी जन्मात चार अठ्ठेचाळीसच्या खाली धावलेलो नाही. ऐकताय ना? स्वतःहून! मी किती पोरं पळवली असतील? हजारांनी. वेळ जास्त आली म्हणून रडलेली पोरं पाहिलीत, भांडलेली पाहिलीत, एकाने तर माझी टोपी फेकून दिली. वेळ फार चांगली आली, ती माझी नाही, असं सांगायला आलेलं हे एकच पोर. आणि मी त्याला काय म्हणालो? त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणालो, बाळा, माझं घड्याळ खोटं बोलत नसतं." त्याला दम लागला. "त्याला घ्या, वॉल्ट. चार पन्नासवाला म्हणून घ्या. त्याचे हात बघा. त्याचं मन बघा. असा पोरगा सापडायला मी सत्तावीस वर्षं मोटेलांत झोपलोय."

मार्सीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने मान खाली घातली. प्रुइट गुडघे चोळत होता. वॉल्ट उठला, फळ्याजवळ गेला, आणि मॅबरीची पट्टी वरच्या ओळीतून काढून हातात धरून उभा राहिला. वाईट माणूस नव्हता तो. "चार पन्नासवाले रिसीव्हर माझ्याकडे या फळ्यावर अकरा आहेत, व्हर्न," तो म्हणाला, आणि त्याने पट्टी तिसऱ्या ओळीत, अकरांच्या शेजारी लावली. मग, दुसऱ्याच कुणाशी बोलावं तसं म्हणाला, "निवडीच्या दिवशी तू घरीच थांब. डॉक्टरला दाखवून घे. तुझ्यासाठी आपण काहीतरी बघू." जाता जाता त्याने व्हर्नच्या खांद्यावर थाप मारली. व्हर्नने केसविलला पोराला मारली होती, तशीच ती थाप होती.

गाडीत येऊन बसल्यावर त्याला वाटलं होतं तसं हलकं काही वाटलं नाही. बाप बोलला असता तर त्यालाही वाटलं नसतं बहुतेक. बोलून पिंपं गळायची थांबत नाहीत. उलट आत्ताच त्याला स्पष्ट दिसलं की आपण पोराला चढवलं तेही आपल्या हाताने आणि उतरवलं तेही आपल्याच हाताने; मधे पोराने एकदाच तोंड उघडलं, तेव्हा आपण ते बंद केलं. दोन-चार दिवसांत ही बातमी फुटणारच होती. या धंद्यात भिंतींना कान नसतात, तोंडं असतात. टेलिव्हिजनवर कुणीतरी हसत हसत सांगेल आणि अर्नेस्टीन मॅबरी ते शाळेच्या स्वयंपाकघरात, बायकांच्या घोळक्यात ऐकेल. स्काउटने पोराला असं काही सांगायचं नसतं, सांगितलं तर नोकरी जाते. व्हर्नला त्याचं हसू आलं. त्याने नंबर लावला. अंगठा दोनदा भलत्याच आकड्यावर पडला, तिसऱ्यांदा लागला.

"सर!" लॅव्हॉनचा आवाज उत्साही होता. मागे माणसांचा गलबला, कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. "तुमचाच फोन यावा म्हणत होतो. मामा आलेत, मावशी आल्यात, शेजारचे आलेत. आई सगळ्यांना नवीन पडदे दाखवतेय."

"लॅव्हॉन," व्हर्न म्हणाला, "तू बरोबर होतास बाळा. माझं घड्याळ चुकलं होतं. माझा हात चुकला होता. मी आज ते सांगून आलोय."

गलबला हळूहळू लांब गेला. पोरगं घराबाहेर, ओट्यावर आलं असावं. कुत्रं भुंकलं.

"मी म्हटलं होतं सर," ते म्हणालं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"म्हटलं होतंस."

"तुम्ही म्हणालात खोटं बोलत नसतं. मला वाटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मग मीही मानायला लागलो. आता रोज सकाळी वाटतं, मी चार छत्तीसवाला आहे. आता काय होईल?"

"पहिल्या दिवशी तुझं नाव येणार नाही. तिसऱ्या दिवशी येईल, बहुधा येईल. तुझे हात कुणीतरी बघेल. मी सगळ्यांना फोन करीन, एकेकाला, जो उचलेल त्याला."

"बरं," पोरगं म्हणालं. मग एकदम लहान झाल्यासारखं, "सर, आईला तुम्ही सांगाल? माझ्याच्यानं नाही होणार."

व्हर्न काही म्हणायच्या आत फोन हातातून हातात गेला. दार उघडल्याचा आवाज आला, गलबला पुन्हा जवळ आला, आणि त्यातून अर्नेस्टीन मॅबरीचा मोठा, खुशालीचा आवाज. "टॅकेट साहेब? अहो, जेवलात का? या ना एकदा, मासा तळलाय आज. आणि ऐका, तुम्हाला मुद्दाम सांगायचं होतं. रोज निजताना मी देवाजवळ आधी लॅव्हॉनचं नाव घेते आणि मग तुमच्या त्या हाताचं. म्हणते, देवा, तो हात सुखी ठेव."

कानाजवळ धरलेला फोन थरथरत होता. व्हर्नने तो डाव्या हातात घेतला.

"बाई," तो म्हणाला, "जरा बसून घ्या."